पासथ्रू उपकरण आणि व्हर्च्युअल आयओएमएमयू असलेल्या व्हर्च्युअल मशीनचे लाइव्ह मायग्रेशन: सविस्तर मार्गदर्शन

पासथ्रू उपकरण (होस्टचे हार्डवेअर थेट व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे गेस्टच्या, हाती दिलेले) जोडलेले व्हर्च्युअल मशीन चालू स्थितीत एका होस्टवरून, म्हणजे भौतिक संगणकावरून, दुसऱ्यावर नेता यावे, यासाठी लिनक्समध्ये आज पुरेशी भक्कम यंत्रणा आहे. व्हीएफआयओच्या (उपकरण थेट गेस्टला देणाऱ्या कर्नलमधील यंत्रणेच्या) मायग्रेशन नियमावलीची दुसरी आवृत्ती २०२२ साली कर्नल ५.१८मध्ये आली, कर्नल ६.१मध्ये उपकरणाने स्वतःच डर्टी पानांची (मायग्रेशन चालू असताना बदललेल्या, म्हणून पुन्हा पाठवायच्या मेमरीच्या तुकड्यांची) नोंद ठेवण्याची सोय झाली आणि ६.७पासून होस्टच्या आयओएमएमयूकडूनही (उपकरणाने वापरलेल्या पत्त्यांचे भाषांतर करणाऱ्या हार्डवेअरकडूनही) ती नोंद घेता येऊ लागली. मात्र याच मशीनमध्ये गेस्टला व्हर्च्युअल आयओएमएमयू दिला की गणित बदलते. क्यूएमूने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामने) २०२३मध्ये या जोडीचे मायग्रेशन सरळ अडवून ठेवले, आणि ते योग्यच होते, कारण अडवले नसते तर मायग्रेशन यशस्वी झाल्याचे दिसले असते आणि गेस्टची मेमरी मात्र गुपचूप बिघडली असती. हा लेख ही जोडी सुरक्षितपणे कशी चालवावी याविषयी आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

व्हर्च्युअल आयओएमएमयू नसताना उपकरण डीएमएसाठी (सीपीयूला मध्ये न घेता मेमरी थेट वाचण्या-लिहिण्यासाठी) जो पत्ता वापरते तो गेस्टचा भौतिक पत्ताच असतो. ही मॅपिंग (पत्त्यांची जोडणी) मशीन सुरू होताना एकदा होते आणि मशीन बंद होईपर्यंत साधारण तशीच राहते. म्हणून अमुक पत्त्यावर लिहिले गेले अशी नोंद मिळाली की कोणते पान पुन्हा पाठवायचे हे लगेच कळते. व्हर्च्युअल आयओएमएमयू आला की उपकरणाला दिसणारा पत्ता, म्हणजे आयओव्हीए, गेस्ट स्वतः ठरवतो आणि हवा तेव्हा बदलतो.

एका पानाचा प्रवास जवळून पाहू. गेस्टमधील नेटवर्क ड्रायव्हर येणाऱ्या पॅकेटसाठी ४ केबीचे एक पान घेतो. त्याच्या गेस्ट भौतिक पत्त्याला ‘अ’ म्हणू. लिनक्समध्ये आयओव्हीएचे वाटप वरून खाली होते आणि पीसीआय उपकरणांसाठी आधी ४ जीबीच्या आतली जागा वापरली जाते, त्यामुळे या पानाला ४ जीबीच्या सीमेच्या थोडा खालचा आयओव्हीए मिळतो. कार्ड त्या आयओव्हीएवर पॅकेट लिहिते, बदल ‘अ’मध्ये होतो आणि आयओएमएमयूच्या तक्त्यातील (मॅपिंगच्या यादीतील) नोंदीवर डर्टी बिट, म्हणजे ‘बदलले’ अशी खूण, उमटतो. ड्रायव्हर पॅकेट उचलतो आणि मॅपिंग काढतो. हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी होस्टवरची प्रणाली) होस्टच्या तक्त्यातून ती नोंद पुसतो आणि तिच्याबरोबर डर्टी बिटही पुसला जातो. काही क्षणांत तोच आयओव्हीए ‘ब’ या दुसऱ्या पानाला मिळतो. आता मायग्रेशनची पुढची फेरी डर्टी नोंद मागते तेव्हा एक तर काहीच मिळत नाही, किंवा उपकरणाने स्वतः ठेवलेल्या नोंदीत तो आयओव्हीए सापडतो, पण त्याचे भाषांतर ‘ब’ असे होते. दोन्ही बाबतींत ‘अ’ पुन्हा पाठवले जात नाही आणि गंतव्य होस्टवर त्यात जुना मजकूर राहतो.

यावरून एकच नियम निघतो आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्याच कसोटीवर घ्यायचे आहेत: मॅपिंग काढण्याआधी तिची डर्टी नोंद उचलली गेली पाहिजे आणि ती त्या क्षणीच्या गेस्ट भौतिक पत्त्याच्या नावे जमा झाली पाहिजे.

पहिली पायरी: गेस्टला आयओएमएमयू कशासाठी हवा आहे ते ठरवा

कित्येक मशीनना व्हर्च्युअल आयओएमएमयू जोडलेला असतो तो केवळ २५५पेक्षा जास्त व्हर्च्युअल सीपीयूंसाठी. एवढ्या सीपीयूंपर्यंत इंटरप्ट (उपकरणाने सीपीयूला दिलेली सूचना) पोचवायला इंटरप्ट रीमॅपिंग (ती सूचना योग्य सीपीयूकडे वळवण्याची सोय) लागते आणि ते आयओएमएमयूबरोबर येते. डीएमए भाषांतराची त्यांना गरज नसते. अशा वेळी दोन सोपे मार्ग आहेत. गेस्ट पुरेशा नव्या लिनक्सवर असेल, तर केव्हीएमची (लिनक्स कर्नलमधील हायपरव्हायजरची) विस्तारित गंतव्य ओळखीची सोय इंटरप्ट रीमॅपिंगशिवायच ३२,७६८पर्यंतचे एपीआयसी क्रमांक (सीपीयूंचे इंटरप्टसाठीचे ओळखक्रमांक) हाताळते, आणि मग व्हर्च्युअल आयओएमएमयू काढूनच टाकता येतो. ते शक्य नसेल तर क्यूएमूच्या इंटेल प्रतिकृतीत (इंटेलच्या आयओएमएमयूची नक्कल करणाऱ्या व्हर्च्युअल आयओएमएमयूत) डीएमए भाषांतर बंद ठेवून फक्त इंटरप्ट रीमॅपिंग चालू ठेवण्याचा पर्याय आहे. माझ्या मते ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण जी गुंतागुंत मुळातच टाळता येते तिच्यासाठी खालच्या पायऱ्या चढण्याचे कारण नाही.

गेस्टच्या आत डीपीडीके (कर्नलला वगळून नेटवर्क कार्ड थेट वापरणारी लायब्ररी) चालवायचे असेल, गेस्टमध्येच पुन्हा व्हर्च्युअल मशीन चालवून तिला उपकरण द्यायचे असेल, किंवा बिघडलेल्या ड्रायव्हरपासून गेस्टच्या मेमरीचे संरक्षण हवे असेल, तर मात्र खरे भाषांतर लागतेच.

इथे एक फसवी मधली अवस्था आहे. गेस्ट कर्नलला आयओएमएमयू पासथ्रू पद्धतीने चालवण्याचा पर्याय दिला, तर आयओव्हीए आणि गेस्ट भौतिक पत्ता एकच राहतो आणि सारे जुन्यासारखे वागते. पण ही अवस्था गेस्टच्या हातात आहे. गेस्टच्या प्रशासकाने उपकरण मूळ ड्रायव्हरपासून सोडवून गेस्टमधल्या व्हीएफआयओला दिले की त्याच क्षणी ते भाषांतराच्या पत्तापटावर (आयओव्हीएच्या स्वतंत्र अवकाशावर) जाते. मायग्रेशन चालू असतानाही हे घडू शकते, त्यामुळे ‘आमचा गेस्ट पासथ्रू पद्धतीने चालतो’ या भरवशावर योजना आखू नये.

दुसरी पायरी: डर्टी नोंद कोण ठेवणार ते निवडा

हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. पर्याय तीन आहेत आणि ते एकमेकांच्या तोडीचे नाहीत.

पहिला पर्याय दोन टप्प्यांच्या भाषांतराचा. यात गेस्टचे स्वतःचे तक्ते हार्डवेअर थेट पहिला टप्पा म्हणून वापरते, तर गेस्ट भौतिक पत्त्यापासून होस्ट भौतिक पत्त्यापर्यंतचा दुसरा टप्पा हायपरव्हायजरच्या ताब्यात राहतो. डर्टी बिट दुसऱ्या टप्प्यावर उमटतो. गेस्टने पहिल्या टप्प्यात कितीही मॅपिंग जोडल्या किंवा काढल्या, तरी दुसऱ्या टप्प्याची नोंद पुसली जात नाही आणि ती आधीपासूनच गेस्ट भौतिक पत्त्यात असते. वर सांगितलेला नियम इथे आपोआप पाळला जातो. हार्डवेअर, कर्नल आणि क्यूएमू या तिघांची साथ असेल तर हाच मार्ग निवडावा.

दुसरा पर्याय सावली तक्त्यांचा. गेस्टने केलेली प्रत्येक मॅपिंग हायपरव्हायजर पकडतो, तिची प्रत होस्टच्या आयओएमएमयूमध्ये उतरवतो आणि डर्टी नोंद त्या प्रतीवर होस्टचा आयओएमएमयू ठेवतो. इथे प्रत्येक अनमॅपच्या, म्हणजे मॅपिंग काढण्याच्या, आधी त्या पट्ट्याची बिटमॅप (दर पानामागे एक डर्टी बिट असलेली यादी) वाचणे बंधनकारक आहे. आयओएमएमयूएफडीमध्ये (आयओएमएमयू हाताळण्याच्या कर्नलमधील नव्या यंत्रणेमध्ये) ही बिटमॅप बिट न पुसता वाचण्याचा खास संकेत आहे. लगेचच अनमॅप होणार असल्याने बिट पुसण्याची आणि त्यासाठी टीएलबी (भाषांतरांचा जलद साठा) रिकामा करण्याची गरज उरत नाही, त्यामुळे बराच वेळ वाचतो.

तिसरा पर्याय उपकरणाच्या स्वतःच्या नोंदीचा. होस्टच्या आयओएमएमयूला डर्टी बिट ठेवता येत नसेल तर तोच उरतो. त्याची अडचण अशी की नोंद सुरू करतानाच उपकरणाला पत्त्यांचे पट्टे सांगावे लागतात, आणि किती पट्टे किंवा केवढी व्याप्ती पेलवेल याला उपकरणाची मर्यादा असते. ४८ बिटांच्या आयओव्हीए अवकाशाची व्याप्ती २५६ टीबी होते. गेस्टची प्रत्यक्ष मेमरी त्याच्या तुलनेत नगण्य असली, तरी गेस्ट यातला कुठलाही पत्ता निवडू शकतो. शिवाय प्रत्येक अनमॅपच्या वेळी नोंद उपकरणाला विचारावी लागते, आणि ते तक्त्यातला बिट वाचण्याइतके स्वस्त नसते. व्हर्च्युअल आयओएमएमयूच्या जोडीला हा पर्याय नाइलाज असेल तरच वापरावा.

जुन्या व्हीएफआयओ टाइप वन कंटेनरबद्दलही (आयओएमएमयूएफडीच्या आधीच्या व्यवस्थेबद्दलही) सांगायला हवे. तो डर्टी नोंद देतो असे वरवर दिसते, पण साध्या पासथ्रू उपकरणासाठी तो पिन केलेली (मेमरीत जागेवर रोखून ठेवलेली) सगळी पाने डर्टी म्हणून कळवतो. म्हणजे प्रत्येक फेरीत सगळी मेमरी पुन्हा पाठवायची, आणि शेवटची फेरी मशीन थांबलेले असताना. याशिवाय या कंटेनरमध्ये एकाच वेळी मूळ मांडणीनुसार ६५,५३५ मॅपिंगच ठेवता येतात, आणि ४ केबीच्या तुकड्यांनी मॅपिंग करणारा व्यग्र गेस्ट ही मर्यादा गाठू शकतो. तिथे बिटमॅपचा आकारही २५६ एमबीपर्यंतच चालतो, म्हणजे ४ केबीच्या पानांनी एका वेळी ८ टीबी. गेस्टने पासथ्रू पद्धतीवरून भाषांतराकडे उडी मारली की पूर्ण मेमरीची मॅपिंग एका दमात निघते, आणि त्याहून मोठ्या मशीनमध्ये ही मर्यादा नेमकी त्या क्षणी आडवी येते.

तिसरी पायरी: दोन्ही होस्टची तपासणी

दोन्ही होस्टवर कर्नल ६.७ किंवा नंतरचा असावा. आर्म प्रणालीच्या एसएमएमयूसाठी (तिथल्या आयओएमएमयूसाठी) डर्टी नोंदीची साथ ६.११मध्ये आली, म्हणून तिथे तेवढा नवा कर्नल घ्यावा. कर्नलमध्ये आयओएमएमयूएफडी आणि व्हीएफआयओची प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र कॅरॅक्टर फाइल उघडण्याची सोय चालू असावी. ती दुसरी सोय ६.६पासून आहे. क्यूएमू ९.१ किंवा पुढचा असावा, कारण आयओएमएमयूएफडीचा आधार ९.०मध्ये आला असला तरी त्यावरून डर्टी नोंद घेणे ९.१पासून जमते.

कर्नल नवा असला म्हणून हार्डवेअरला डर्टी बिट ठेवता येतो असे गृहीत धरू नये. आयओएमएमयूएफडीला उपकरणामागच्या आयओएमएमयूची माहिती विचारली की मिळणाऱ्या क्षमतांमध्ये डर्टी नोंदीचा बिट स्वतंत्रपणे दिसतो. तो दोन्ही होस्टवर तपासावा. मायग्रेशन आज एका दिशेने होत असले, तरी मशीन उद्या परत आणायचे असेल तेव्हा आजचा गंतव्य होस्ट हाच स्रोत असणार आहे.

पत्त्याची रुंदी जुळलेली हवी. गेस्टला ४८ बिटांचा आयओएमएमयू दाखवायचा आणि गंतव्य होस्टचे हार्डवेअर फक्त ३९ बिट पेलणारे, असे असेल तर गेस्टने वरच्या भागात केलेली मॅपिंग तिथे बसणारच नाही. दोहोंपैकी लहान रुंदी निवडून ती दोन्हीकडे स्पष्टपणे लिहावी.

चौथी पायरी: उपकरण तयार करणे

सर्वसाधारण व्हीएफआयओ-पीसीआय ड्रायव्हरला उपकरणाची अंतर्गत अवस्था वाचता येत नाही. त्यासाठी उत्पादकाचा खास ड्रायव्हर लागतो. एनव्हिडियाच्या कनेक्टएक्स मालिकेसाठी एमएलएक्स५चा व्हीएफआयओ ड्रायव्हर आणि हायसिलिकॉनच्या प्रवेगकांचा ड्रायव्हर हे दोन्ही ५.१८पासून आहेत. एएमडी पेन्सँडोचा ६.६मध्ये, तर इंटेलच्या क्यूएटी प्रवेगकाचा ६.१०मध्ये आला.

कनेक्टएक्सच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी कार्ड स्विचडेव्ह पद्धतीत (कार्डाच्या अंतर्गत स्विचचे नियंत्रण होस्टला देणाऱ्या) न्यावे, व्हर्च्युअल फंक्शन (कार्डाचे गेस्टला देण्याजोगे भाग) तयार करावीत, ती मूळ ड्रायव्हरपासून सोडवावीत, मग डेव्हलिंक या लिनक्समधील मांडणीच्या साधनाच्या साहाय्याने त्या पोर्टवर ‘मायग्रेटेबल’ हा गुण चालू करावा आणि शेवटी फंक्शन एमएलएक्स५च्या व्हीएफआयओ ड्रायव्हरला जोडावे. फंक्शन ड्रायव्हरला जोडलेले असताना हा गुण बदलता येत नाही. दोन्ही होस्टवरील कार्डांचे फर्मवेअर शक्यतो एकाच आवृत्तीचे ठेवावे. होस्टवरील पीसीआय पत्ता वेगळा असला तरी चालतो, पण गेस्टला दिसणारा पत्ता दोन्हीकडे तोच हवा.

पाचवी पायरी: मशीनची मांडणी आणि अडथळ्यांची विचारणा

क्यूएमूला एक आयओएमएमयूएफडी वस्तू द्यावी आणि पासथ्रू उपकरण त्या वस्तूशी जोडावे. उपकरणाचा मायग्रेशनविषयक पर्याय ‘ऑटो’वरच ठेवावा. तो जबरदस्तीने ‘ऑन’ केला तर डर्टी नोंदीची सोय नसतानाही मायग्रेशन सुरू होते आणि सगळी मेमरी डर्टी धरली जाते. ‘ऑटो’मध्ये क्यूएमू अशा मांडणीला नकार देतो, आणि तो नकार वेळेवर मिळणेच हिताचे आहे.

सावली तक्त्यांच्या मार्गाने इंटेल प्रतिकृती वापरायची असेल तर कॅशिंग मोड चालू असणे अनिवार्य आहे. त्यामुळेच गेस्ट प्रत्येक नव्या मॅपिंगची सूचना देतो आणि हायपरव्हायजरला ती पकडता येते. त्याची किंमतही समजून घ्यावी. कॅशिंग मोड दिसला की लिनक्स गेस्ट अनमॅप साठवून एकत्र करणे बंद करतो आणि प्रत्येक अनमॅप तत्काळ कळवतो. म्हणजे दर अनमॅपला गेस्टमधून बाहेर येणे, होस्टचा तक्ता बदलणे आणि मायग्रेशन चालू असेल तर बिटमॅप वाचणे, असे तिहेरी काम होते. पॅकेटगणिक मॅपिंग बदलणाऱ्या ड्रायव्हरवर याचा ताण स्पष्ट जाणवतो. येणाऱ्या पॅकेटांसाठीची पाने मॅप ठेवून पुन्हा पुन्हा वापरणारा ड्रायव्हर इथे फार हलका पडतो. इंटरप्ट रीमॅपिंग वापरत असाल तर केव्हीएमची इंटरप्ट चिप ‘स्प्लिट’ पद्धतीने ठेवावी.

मशीन सुरू झाल्यावर मायग्रेशनला हात घालण्याआधी क्यूएमूला मायग्रेशनची स्थिती विचारावी. अडथळा असेल तर उत्तरात त्याची कारणे शब्दांत येतात. व्हर्च्युअल आयओएमएमयूचा अडथळा तुमच्या आवृत्तीत, तुमच्या मांडणीसाठी उठवलेला आहे की नाही, हे आवृत्तीच्या क्रमांकावरून ठरवण्यापेक्षा इथे विचारलेले बरे, कारण वितरकांच्या पॅकेजमध्ये नंतरचे बदल मागे आणलेले असू शकतात. अडथळा दिसत असेल तर तो काढणारा बदल स्वतः करून पुढे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट इथेच पाहावी. होस्टचा आयओएमएमयू २ एमबी किंवा १ जीबीच्या मोठ्या पानांनी मॅपिंग करत असेल, तर डर्टी बिटही तेवढ्याच मोठ्या पट्ट्यासाठी एक असतो. कार्डाने दीड हजार बाइटचे पॅकेट लिहिले तरी पूर्ण १ जीबी पुन्हा पाठवावी लागते. आयओएमएमयूएफडीमध्ये मोठी पाने न जोडण्याचा पर्याय प्रत्येक पत्तापटासाठी आहे. सावली तक्त्यांमध्ये गेस्टच ४ केबीच्या तुकड्यांनी मॅपिंग करत असल्याने हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पण दोन टप्प्यांच्या भाषांतरात आणि गेस्टच्या पासथ्रू पद्धतीत तो पुरेपूर असतो.

सहावी पायरी: मायग्रेशन चालवणे

परतीचा मार्ग (गंतव्याकडून स्रोताला उत्तर पाठवण्याचा) आणि ‘स्विचओव्हर-ॲक’ या दोन क्षमता दोन्ही बाजूंना चालू कराव्यात. उपकरण प्री-कॉपीला साथ देत असेल, तर त्याच्या अवस्थेचा सुरुवातीचा भाग मशीन चालू असतानाच पाठवला जातो, आणि गंतव्य बाजूने तो उतरवून घेतल्याची पोच मिळेपर्यंत स्रोत मशीन थांबवत नाही. थांबण्याची मर्यादा मुळात ३०० मिलिसेकंद असते. मोठी अवस्था असलेल्या कार्डाला ती पुरत नाही, म्हणून ती सेवेला सोसेल तितकी वाढवून द्यावी.

मेमरी आटोक्यात येत नसेल तर दोन नेहमीचे उपाय इथे चालत नाहीत. सीपीयूचा वेग आपोआप कमी करण्याने उपकरणाचा डीएमए मंदावत नाही. कार्ड बाहेरून येणारी पॅकेटे लिहीतच राहते. पोस्ट-कॉपीही (मशीन आधी हलवून पाने मागून आणणेही) उपयोगाची नाही, कारण उपकरणाला पाने पिन केलेली लागतात आणि नसलेल्या पानासाठी ते थांबू शकत नाही. म्हणून बाहेरून येणारी वाहतूकच तात्पुरती कमी करावी किंवा दोन होस्टमधली बँडविड्थ वाढवावी. बिटमॅप वाचण्याचा भार मात्र माफक असतो: १ टीबी मेमरीची ४ केबीच्या पानांची बिटमॅप ३२ एमबी भरते.

शेवटच्या फेरीतला क्रम असा असावा. आधी सगळी उपकरणे अशा अवस्थेत न्यायची की ती एकमेकांना नवा डीएमए पाठवणार नाहीत, मग ती पूर्ण थांबवायची, आणि त्यानंतरच डर्टी बिटमॅपचे अखेरचे वाचन करायचे. थांबतानाही उपकरण अडलेले लेखन पूर्ण करते, त्यामुळे हे वाचन आधी उरकले तर शेवटची काही पाने हुकतात.

गंतव्य बाजूला व्हर्च्युअल आयओएमएमयूची अवस्था पीसीआय उपकरणांच्या आधी उतरली पाहिजे, आणि क्यूएमू ती प्राधान्याने आधीच उतरवतो. इंटेल प्रतिकृतीत मायग्रेशनच्या प्रवाहातून फक्त रजिस्टरे येतात. तक्ते गेस्टच्या मेमरीतच असल्याने ते तिथून पुन्हा चालत जाऊन एकेक मॅपिंग होस्टच्या आयओएमएमयूमध्ये उतरवली जाते. व्हर्टिओ-आयओएमएमयूमध्ये (व्हर्टिओ मानकानुसारच्या व्हर्च्युअल आयओएमएमयूमध्ये) मॅपिंगची यादीच प्रवाहातून येते. दोन्ही बाबतींत हे काम मशीन थांबलेले असताना होते, त्यामुळे मॅपिंग जितक्या जास्त तितका थांबण्याचा काळ वाढतो, आणि तो उपकरणाच्या अवस्थेच्या आकारावरून केलेल्या अंदाजात धरलेला नसतो. दोन टप्प्यांच्या मार्गात गेस्टचा तक्ता हार्डवेअरला नुसता दाखवायचा असतो, म्हणून हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो.

सातवी पायरी: पडताळणी

मशीन दुसरीकडे सुरू झाले आणि पिंगला उत्तर देऊ लागले, एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. हुकलेले पान लगेच दिसेलच असे नाही. टीसीपीच्या चेकसमवरही भिस्त ठेवू नये: बहुतेक कार्डे चेकसम मेमरीत लिहिण्याआधीच तपासून ‘ठीक’ असा शेरा देतात, आणि आपल्याला शोधायचा बिघाड त्यानंतर मेमरीत झालेला असतो. म्हणून तपासणी ॲप्लिकेशनच्या पातळीवर व्हावी. मोठ्या फाइलचा प्रवाह पासथ्रू कार्डावरून गेस्टमध्ये सतत येऊ द्यावा, प्रत्येक तुकड्यासोबत त्याची एसएचए-२५६ ओळख पाठवावी आणि गेस्टमध्ये ती पुन्हा काढून ताडून पाहावी. हा प्रवाह चालू असतानाच मशीन दोन होस्टमध्ये आलटून पालटून हलवत राहावे.

चाचणीत गेस्ट भाषांतराच्या पद्धतीत आणि पासथ्रू पद्धतीत असे दोन्ही प्रकारे चालवावा. त्याखेरीज मायग्रेशन चालू असताना गेस्टमध्ये उपकरण एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची चाचणी जरूर करावी. पत्तापट बदलण्याचा क्षण हाच या सगळ्या यंत्रणेचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि साध्या चाचण्या त्याला स्पर्शही करत नाहीत.

अपयशाचीही तालीम हवी. स्विचओव्हरच्या आधी मायग्रेशन रद्द केले तर डर्टी नोंद थांबते आणि उपकरण मूळ अवस्थेत चालू राहते, हे प्रत्यक्ष करून पाहावे. अवस्था पाठवताना बिघाड झाला तर उपकरण त्रुटीच्या अवस्थेत जाऊ शकते, आणि तिथून बाहेर येण्याचा मार्ग रीसेट हाच आहे. रीसेटनंतर उपकरण चालू होते, पण गेस्टने त्यात मांडलेल्या रांगा नाहीशा झालेल्या असतात आणि गेस्टच्या ड्रायव्हरला ते पुन्हा उभे करावे लागते. तुमचा गेस्ट ड्रायव्हर हे निभावतो का, याचे उत्तर उत्पादनातील मशीन हलवण्याआधी हाती असले पाहिजे.